शेवटचा आकडा

खांबावरचा तो पत्रा मलाच माहीत,
कारण खांबावर चढणारा मीच.
'दारू सोडायचीय? फोन करा.'
खाली नऊ आकडे शाबूत,
दहावा कुण्या शिकवणीच्या जाहिरातीखाली गेलेला.

चार वर्षं त्या खांबावर चढलो, उतरलो.
फ्यूज टाकला, जंपर बांधला.
एकदा तर त्याच पत्र्यामागं क्वार्टर खोचून ठेवली,
दिवसाउजेडी, जिंतूरच्या भर बाजारात.

मग एका मंगळवारी
लाइनीचं परमिट घेतलं का नाही
मला आठवेना.
मी वर. हात तारेपासून वितभर.
खालून रखमाजी ओरडला, "अण्णा, खाली या."
मग पुन्हा, हळू,
लेकराला म्हणावं तसं,
"या खाली."

लाईन चालू होती.

रात्री शून्यापासून सुरुवात केली.
शून्य बंद.
एक चिकनवाला, "किती किलो?"
दोनवर लहान पोरगी, पप्पा झोपलेत म्हणली.
तीननं आई काढली.
चार एका बाईनं उचलला.
"ते दारू सोडायचं..." मी म्हणलो.
ती गप. मागं कुकरची शिट्टी.
"इथं नाही ओ," म्हणली.
"पण सापडला तर मला बी सांगा.
आमच्यात हायेत एक."

पाच, सहा कुणी उचलेना.
सातवर माणूस म्हणला, "बोला,"
जसा काही माझ्यासाठीच जागा होता.
"आत्ता पिऊन हायेत का?"
"व्हय."
"असू द्या. रविवारी परभणीला या. सहा वाजता."

स्टँडपासून शाळेपर्यंत चार परमिट रूम.
मोजल्या, म्हणून माहीत.
फाटकापर्यंत दोनदा जाऊन
दोनदा रसवंतीवर परत आलो.
रसवाला तिसऱ्या ग्लासाला म्हणला,
"दुसरी ब ना? मागून जिना हाय."

दुसरी ब. बाकं वीतभर.
अकरा बाप्ये, गुडघे छातीशी धरून.
फळ्यावर शनिवारचं राहिलेलं:
पट एकतीस, हजर सव्वीस.

"नाव सांगा. आडनाव नको, गाव बी नको."
मी अडखळलो.
आमच्याकडं पाण्याच्या तांब्याआधी आडनाव इचारतेत.
"मुंजाजी," म्हणलो.
नुसतं मुंजाजी.
चारचौघांत सदरा काढल्यावानी झालं.

मुनीरभाई शिंपी.
गिऱ्हाइकाचा लग्नाचा कोट विकून प्यालेला.
"अन् त्याच लग्नात जेवून बी आलो," म्हणला.
सगळे हसले. तो बी हसला.
मला कळेना,
असल्या गोष्टीवर हसता येतं?
मग हसता हसता त्यानं
टेप गळ्यात असल्यासारखा
दोन्ही हातांनी धरला,
अन् गळ्यात तर काहीच नव्हतं.

माझी पाळी आली तर
एवढंच निघालं तोंडातून:
परमिट घेतलं का, आठवेना.
वायर, वीत, रखमाजी.
कुणी काही बोललं नाही.
तेवढ्यात लाईट गेली.
अंधारात कुणीतरी, "वायरमन, बघा की."
"इथली लाईन मपली नाही," मी म्हणलो.
बाकं करकरेपर्यंत हसले.
मग अंधारातच मीटिंग पुढं चालली
अन् मी परत बोललो,
पहिल्यापेक्षा लांब.
काय ते इथं लिहीत नाही.

शेवटच्या गाडीत खिडकीशी बसलो.
सुटली म्हणावं तर रात्र अजून जायची होती,
अन् जिंतूरच्या स्टँडसमोरचं दुकान
अकरापर्यंत उघडं असतं.

झरीच्या पुढं फोन काढला.
चार.
"बाई, सात हाय. शेवटी सात."
"थांबा, लिहिते."
पेन शोधायचा, लेकराला रागवायचा आवाज.
"तुम्ही गेलता?"
"व्हय."
"मग?"

काय सांगावं कळेना.
"बाकं लई लहान हायेत," म्हणलो.