चौथी वाटी

सानपाड्याच्या वन रूम किचनमध्ये
तीन मांजरं, हद्दी ठरलेल्या:
फ्रिजचा माथा म्हाताऱ्या कोकमचा,
खिडकीची जाळी मिरीची,
मधला सगळा वाद घारूचा.

बाथरूममध्ये परवापासून
पार्किंगमधलं ते पिल्लू.
दाराखालच्या फटीतून एक पंजा
बाहेर येतो, चाचपतो, आत जातो.

शिरीष म्हणतो, वाळू, डॉक्टर, बांगडे,
हिशेब कर.
केला. जमत नाही.
आणि कोकम दोन दिवस धड जेवली नाही,
तिच्या वयाला विचारायला नको?

दिवाळे गावच्या मावशींनी मात्र
चार मुंडकी बांधून दिली.
म्हणाल्या, मी नाही मोजत.

रात्री उठले तर
फ्रिजवर कोकम नव्हती.
बाथरूमपाशी बसलेली, दाराकडे पाठ करून,
शेपूट तेवढी
फटीशी
सैल सोडलेली.