बिजागरीतला पत्रा

निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली दुनळी
ओमाणी गावडा सरळ माझ्याकडे घेऊन आला,
जांबोटीहून, पहिल्या बसनं.
पोत्यात गुंडाळलेली,
कन्नडातली पावती अजून घोड्याला सुतळीनं बांधलेली.
"गंजली काय बघ. रानडुकरं भात ठेवत न्हाईत."
खानापूर अजून जांभया देत होतं,
मी दुकानाची एकच फळी काढली होती.

आधी मोडून पाहिली, रिकामी आहे ना.
हे मी सगळ्यांसमोर करतो.
मग लाकूड, मग नळ्या. कुलपं शेवटी.

दस्ता अक्रोडाचा,
तीन पिढ्यांच्या गालांच्या तेलानं काळा पडलेला.
मुठीपाशी चीर, तिच्यावर तांब्याची तार,
घरच्याच कुणीतरी आवळलेली, पण नेटकी,
विळ्याच्या मुठीला आवळतात तशी.

नळ्या सोडवून दाराकडे धरल्या.
उजवीत देवीचे व्रण.
डावी मात्र स्वच्छ,
उजेडाच्या कड्या एकीत एक, टोकापर्यंत.
"डावी कधी उडवलीच नाही?"
"आज्जा म्हणायचा, दुसरी ठेवायची.
पहिली चुकली तर जवळ कायतरी पायजे."
"मग पहिली कधी चुकली नाही?"
"चुकली की. पण तवर डुक्कर कुठं थांबतंय!"

नळ्या सुतळीला टांगल्या, बोटानं टिचकी मारली.
नाद आला, घंटेसारखाच,
पण शेपटाला खरखरला.
मधल्या पट्टीचा डाख कुठंतरी सुटलाय.

पुन्हा जोडून कानाशी हलवली.
काही वाजेना.
इथं मी थांबलो.
सत्तर वर्षांची बंदूक इतकी घट्ट मिटत नाही.

खीळ ठोकून काढली, तर बिजागरीत पत्रा.
कातरून, वाकवून, बेमालूम बसवलेला.
रॉकेलनं पुसला.
पिवळ्यावर लाल: कोंबड्याची शेपटी.

निपाणीच्या तंबाखूचा तो डबा
माझ्या फळीवर अजून आहे, कानशी ठेवायला.
एक कोपरा कातरलेला.
लहानपणी त्यावर माझं बोट कापलं,
तेव्हा बाबा फुंकर घालत म्हणाले होते,
उंदरानं खाल्लाय.

कुलपाची पाटी उघडली.
आत, जिथं फक्त पुढचा कारागीर पाहतो,
सुईनं कोरलेलं: दा. पं., ७४.
वळण त्यांचंच. पं-वरचा टिंब जरा लांब गेलेला.
गिऱ्हाइकाकडे पैसे नसतील.
किंवा पेरणी तोंडावर असेल.
किंवा त्यांना खीळ घडवायचा कंटाळा आला असेल,
हेही मला माहीत आहे की ते कंटाळायचे.

"काय बघुलास एवढं?" ओमाणीनं विचारलं.
काही नाही, म्हणालो.
मग सांगितलं.

तो पत्रा तळहातावर घेऊन बराच वेळ बसला.
"पन्नास वर्सं धरली की ह्यानं."
आणि थोड्या वेळानं,
"आज्जानं डावी ठेवली ते बरंच झालं म्हणायचं."

मी त्याला स्पष्ट सांगितलं:
नवी खीळ घडवेन, तिचे पैसे घेणार नाही.
डाख नव्यानं लावेन. तार काढून चीर सांधेन.
(तार राहू दे, म्हणाला.)
कोठी आखूड आहे, हल्लीची लांब काडतुसं हिला चालायची नाहीत.
उजवी आता कधीच नाही.
डावीचं, नाद स्वच्छ आला तर बोलू.
तोवर डुकरांना डबे वाजव.

तो गेला, बस चुकू नये म्हणून धावतच.
मी डबा खाली काढला, कानशी ओतल्या,
आणि शेपटी कातरलेल्या कोपऱ्याला लावून पाहिली.
डब्यावर पाय होते, नख्या होत्या.
शेपटी बरोबर बसली.
वर बोटभर जागा तरीही मोकळी राहिली.

कोंबड्याचं डोकं अजून कुणाच्यातरी बंदुकीत आहे,
कणकुंबीकडे, नाहीतर घाट उतरून पलीकडे,
आणि ती घट्ट मिटते.