शनिवार (निःसंदिग्धीकरण)

छत्तीस वर्षं टपाल वाटलं.
आता रात्री जेवण झालं की
नातीच्या जुन्या लॅपटॉपवर
मराठी ज्ञानकोशात शब्दांची घरं शोधतो.
बिनपगारी.
पेन्शन आहे, चष्मा आहे, झोप नाही.

काम तेच.
एकाच नावाचे चौघं जण,
त्यांना ज्याच्या त्याच्या दारात नेऊन सोडायचं.

काल 'फड' घेतला.
एक उसाचा, कोयता लागायच्या आधी सळसळणारा.
एक कुस्तीचा, तांबड्या मातीचा.
एक तमाशाचा, त्याच्या मालकिणीचं टपालसुद्धा
गावोगाव तिच्यामागं फिरायचं.
पैलवान शोधत आलेला माणूस
उसात शिरू नये म्हणून
प्रत्येकामागं कंस लावायचा :
फड (कुस्ती). फड (ऊस).
मग लक्षात आलं, कंसालाही कंस लागतो.
कंस (चिन्ह). कंस (मथुरेचा).
एकटाच हसलो.
आतून सून म्हणाली, काय झालं?
म्हटलं, मामा सापडला.

'डाव'ला दीड तास गेला.
आखाड्यातला, पत्त्यांतला, मनात धरलेला,
आणि आमटीच्या पातेल्यातला.

नियम असा :
ज्याला जास्त माणसं शोधतात तो अर्थ मुख्य.
त्याचं नाव मोकळं. बाकीच्यांना कंस.

इथं माझा हात थांबतो.

अठ्ठ्याऐंशी साली शनिवार पेठेत
एका बोळात दोन आक्काताई साळोखे होत्या.
एक गिरणीमागं, एक आडाजवळ.
पत्रं यायची ती गिरणीमागच्या आक्काताईला.
म्हणजे नियमानं तीच मुख्य.
पण माझी त्या बीटवर पहिलीच फेरी,
मगदूम तापानं पडलेला,
आणि कार्डावर ना गिरणी, ना आड.
टायर पळवणाऱ्या पोराला विचारलं,
त्यानं बोट केलं ते आडाकडं.

"वाचून दाव बाबा," म्हणाली.
मी उंबऱ्यातच वाचलं :
आई, शनिवारी येतो. तुझा बाळू.

बाळू ह्या शब्दाचे
ह्या जिल्ह्यात किती अर्थ आहेत
ते मोजायला बसलो तर पान पुरायचं नाही.
तिचाही एक होता.
सात वर्षांमागं ट्रकवर क्लीनर म्हणून गेलेला,
चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

शनिवारी गिरणीमागच्या दाराला कुलूप,
कुलपासमोर ट्रंकेवर बसलेला एक बाळू,
आणि आडाकडच्या घरातून
तांबड्या रश्श्याचा वास अख्ख्या बोळात.

सोमवारी गेलो, टोपी हातात घेऊन.
"मावशी, माझं चुकलं. कार्ड तुमचं नव्हतं."
तिनं फळीवरच्या डब्याखालून कार्ड काढलं,
उलटंपालटं करून बघितलं,
परत डब्याखाली सारलं.
"आई म्हटलंय न्हवं त्यात? बाळू म्हटलंय?
मग चुकलं कुठं?"

खात्याच्या पुस्तकात ह्याला उत्तर नव्हतं.
ज्ञानकोशाच्या नियमांतही
मी वरपासून खालपर्यंत बघितलं.

आज 'शनिवार' उघडलंय.
एक, वार. शुक्रवारनंतरचा.
दोन, कोल्हापुरातली पेठ.
तीन म्हणून लिहिलं :
ताट झाकून दाराकडं बघत बसायचा दिवस.

असं काही लिहिलं की पुढं
'संदर्भ हवा' असं लावावं लागतं.
संदर्भ डब्याखाली होता.
त्या घराच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे,
मी स्वतः तिथं हयातीच्या दाखल्याच्या
दोन प्रती काढल्यात.
डबा कुणी नेला, विचारायचं सुचलं नाही.

तिसरी ओळ खोडली. जतन केलं.
दोनच्या खाली एक ओळ मोकळीच राहिली आहे,
सकाळपर्यंत कुणीतरी दुरुस्त करेल.