दहा सेंटिमीटरची रेघ

सिंदेवाहीच्या ग्रामीण रुग्णालयात
पाठीतल्या सुईनंतर सहाव्या तासाला
मी रेघ घेऊन उभी.
या टोकाला काहीच नाही,
त्या टोकाला सहन न होणारं.

फुलवंताबाई कोडापे. पिशवीचं ऑपरेशन.
वय अंदाजे पन्नास. पाकीट क्रमांक एकेचाळीस.
पाकिटात कुठलं औषध होतं
तिला माहीत नाही,
मलाही नाही.

"किती दुखते, मावशी?"
सत्तर-सत्तर तेंदूपानांचे पुडे बांधणारी बोटं
पेन्सिल उलटी धरतात.
ती रेघ बघत नाही, मला बघते.
"जेवलीस का वो बाई?"
नाही, रात्रपाळी आहे.
"मंग लिव दोन."

खाटेच्या दांड्यावर
तिची मूठ पांढरी पडलेली.
नाडी एकशे अठरा.
नियम असा, की रुग्ण सांगेल तेच लिहायचं.
मी दोनवर खूण करते,
आणि सिस्टरला हाक मारते, इंजेक्शनसाठी.

जादा डोस: दिला.
रुग्णाने मागितला? नाही.
मग कारण?
चौकट एवढीशी. त्यात बसलं तेवढं लिहिलं:
नाडी.

मागून आवाज, जरा सैल झालेला,
"लेकीनं डबा आनलाय. भात उरला हाय."