तळ्यात, मळ्यात

महबूलाला चौथ्या मजल्यावर, आठ खाटांच्या खोलीत
बशीर परकारचा फोन उशीला टेकवलेला
आणि फोनमध्ये वॉशिंग्टन.
इथे पहाटेचे साडेतीन.
तिथे अजून कालचीच संध्याकाळ चाललीय,
आमचा पगार त्या कालमध्ये अडकलाय.

एकेक नाव पुकारतात.
होय. नाही. नाही. होय.
लाँड्रीच्या टोकनवहीत, चादरींच्या हिशेबामागच्या पानावर
बशीरने दोन रकाने पाडलेत.
वरच्या खाटेवरून भिवाजी प्रत्येक नावाला म्हणतो
तळ्यात.
मळ्यात.

एकोणतीस दिवस झाले, तळावरून बिल आलेलं नाही.
कंपनी म्हणते, आम्हालाच वरून नाही आलं.
परवापासून तेलाचा डबा वाटीत उलटा ठेवलाय.
गणवेश मात्र रोज येतात, रेतीने जड,
आणि ते धुवावे लागतात.

कळलं ते एवढंच
की एका सभासदाला त्याच्या गावच्या नदीवर पूल हवाय
आणि पूल मिळेपर्यंत तो कुंपणावरून उतरणार नाही.
त्याचं आडनाव आमच्यात कोणालाच नीट म्हणता येत नाही,
म्हणून आम्ही त्याला पूलवाले म्हणतो.
पूलवाल्यांच्या मागे त्यांच्या पक्षाचा प्रतोद
पॅसेजमधून फिरतोय, कानाशी लागतोय.
प्रतोद.
शाळेत गुरुजींनी अर्थ लिहून दिला होता,
बैलाला टोचायची पराणी.

मला यात नवं काही नाही.
आमच्या ग्रामपंचायतीत अविश्वास ठराव आला तेव्हा
माझ्या सख्ख्या मेव्हण्याला आणि आणखी तिघांना
एका गाडीत घालून तापोळ्याला नेलं होतं.
सहा दिवस. रोज मटण. फोन काढून घेतलेले.
बहीण दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची,
कुलदेवाला गेलेत.
सातव्या दिवशी आले, हात वर केला,
आणि मे महिन्यात नळाची लाइन आमच्या वाडीकडे वळली.
पाणी गोड होतं.
खोटं कशाला बोलू.

माझं मत?
यादीत नाव आहे. चौदा वर्षं मी गेलो नाही.
कोणीतरी माझ्या नावावर टाकून जातं म्हणे,
कोणाला ते मला कोण सांगणार.

ऑक्टोबरात एका पँटच्या मांडीवरच्या खिशात
लिफाफा सापडला होता, आत मतपत्रिका,
गोल काळा केलेला, सही राहिलेली.
खिशात जे सापडेल ते झिपच्या पिशवीत घालून
काउंटरवर परत द्यायचं, असा नियम.
नाणी, लायटर, एकदा तर दुधाचा दात.
पोरगा आला, बावीस-तेवीसचा,
नाकावरची साल उन्हाने सुटलेली.
म्हणाला, राहू दे अंकल,
आमच्या राज्याचा रंग ठरलेलाच असतो.
आजोबांपासून आमचं घर एकाच पक्षाचं.
पक्षाचं नावही घेतलं, छाती किंचित पुढे काढून.

गोल दुसऱ्याच नावापुढे होता.

मी काही बोललो नाही.
त्याचे चार शर्ट मोजून दिले, टोकन फाडलं.
पिशवी अजून माझ्या ट्रंकेत आहे, पासपोर्टच्या झेरॉक्सखाली.
टाकून द्यायला हात होत नाही,
ठेवून तरी काय करायचंय.

बशीर म्हणतो, श्श.
पूलवाल्यांचं नाव आलं.
भिवाजी खाटेवरून पाय खाली सोडून बसलाय, गप्प.
फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज.
पेन्सिलचं टोक दोन रकान्यांमधल्या रेघेवर थांबलेलं.

पूलवाले उठले.
कोटाचं बटण लावतायत, सावकाश,
एक लागत नाहीये.

खाली बसने हॉर्न दिला.