पांढरी चार

दुपारी तीनला हातोडीची मान मोडली,
मधल्या सप्तकातली.
बाई म्हणाल्या, एफ.
मी म्हणालो, पांढरी चार.
बासवाला गुरुसिद्ध हिरेकोडी, चिकोडीच्या भजनात वाढलेला,
म्हणाला, मध्यम की वो.
एका काडीवर तीन डोकी वाकलेली,
आणि काडी कुणालाच ओ देईना.

मिशन शाळेच्या हॉलमधला हा पियानो
पलटणीतल्या कुणा साहेबानं जाताना सोडलेला.
नमदा कसरीनं खाल्लेला, पोटात उंदरांची वाट.
माझं दुकान पेट्यांचं, खडेबाजारात :
भाते, कातडं, पितळी जिभा.
पियानो मला येतो
शेजारणीचं कानडी यावं तसा,
समजतं सगळं, बोलताना अडतो.

सरस लावला.
सरस सुकायला रात्र लागते आणि कार्यक्रम सातला.
क्लोटिल्डाबाई हसल्या.
कॅम्पातल्या मस्करेन्हस बेकरीची ही पोर, आता पंचाहत्तरीची,
लिस्बनला, ओसाकाला लोक उभे राहतात हिच्यासाठी.
म्हणाल्या, झोपू दे तिला. खिशात ठेवा.
ठेवली. सदऱ्याच्या, चष्म्याच्या घराजवळ.

हॉल भरला.
पुढं साहेब लोक, मागं पाववाले,
दाराशी निपाणीची बँडपार्टी लाल कोटातच आलेली,
त्यांचा दस्तगीर मुल्ला आज ड्रमवर म्हणून.
माईक शिट्टी वाजवायचा थांबला.
बाईंनी डावा हात पट्ट्यांवर असा धरला,
भट्टी तापली का बघायला धरतात तसा.

जॅझ मला कळत नाही.
मी आपला सम शोधत बसलो.
दस्तगीर सम दाखवायचा
आणि काढून घ्यायचा, पोराच्या हातचा पेढा काढावा तसा,
मग दोन मात्रांनी परत द्यायचा.
माझा निम्मा कान खिशाकडं.
बाई वरून उतरत यायच्या, पायरी पायरी,
पांढरी चारच्या दाराशी येऊन
पाऊल उचलून पलीकडं.

पहिल्यांदा तिथं नुसतं भोक पडलं.
मला घाम.
दुसऱ्यांदा दस्तगीरनं त्यावर ब्रश फिरवला,
अंगणातला पाचोळा सरकवावा इतकाच.
तिसऱ्यांदा हिरेकोडीनं
खालच्या खर्जात तो सूर ठेवला :
म्हैस तळ्यात बसते तसा, सावकाश,
पाणी सगळीकडून वर येतं तसा.
बाईंनी बघितलंसुद्धा नाही. हनुवटी हलली थोडी.
आणि मग त्या तिथंच येत राहिल्या, मुद्दाम,
वेगवेगळ्या वाटांनी, त्याच दाराशी,
कोण उघडतंय बघायला.

आमच्या नाक्यावरच्या पाटीला डांबर फासलंय,
कधी एका लिपीला, कधी दुसरीला.
गावाचं नाव आम्ही वाचतोच की.
का आठवलं ते, माहीत नाही.

लोक उठेनात. आणखी एक, आणखी एक.
बाई म्हणाल्या, साकु रे, साकु, पाय सुजलेत.
बँडवाल्यांनी टोप्या उडवल्या.

सोमवारी जाऊन हातोडी बसवली.
हॉलमध्ये मी आणि झाडूवाली यल्लव्वा.
पट्टी दाबली.
वाजली.
सरळ, स्वच्छ, कुठं खरखर नाही,
इतकी नीट की कुणी अनोळखी माणूस
दार न वाजवता आत आल्यासारखं झालं.
यल्लव्वा म्हणाली, झालं नव्हं?
झालं, म्हटलं.
आणि उगाच मागं वळून बघितलं.
फळीवर बासच्या टोकानं पाडलेला
चिंचोक्याएवढा पांढरा खड्डा तेवढा होता.