तीस दिवस

कराराच्या दुसऱ्या पानावर, कलम सात:
नोकरी सोडायची तर तीस दिवस आधी लेखी.
नाहीतर महिन्याचा पगार जप्त,
आणि बी.एस्सी.चं मूळ प्रमाणपत्र
बिराजदार सरांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात,
माझ्याआधी गेलेल्या तिघींच्या शेजारी.

मला सगळं माहीत होतं.
ते कलम टाइप मीच केलं होतं.

सहा वर्षं. औसा रोड, दुसरा मजला.
खाली झेरॉक्स, वर अभ्यासिका,
मध्ये मी आणि अकराशे चाळीस लेकरांचे बाप.
रविवारी परीक्षा, रात्री नऊला निकाल.
एक बटण दाबलं की
निलंगा, उदगीर, गंगाखेड, पार भोकरपर्यंत
एकदम वाजायचे फोन.
मग ज्यांचे मार्क उतरले
त्यांना माझा आवाज.
"नमस्कार, मी क्लासमधून बोलतेय."
एवढ्यावरच समोरचा माणूस श्वास धरायचा.

कंधारचे एक कंडक्टर होते.
गाडी चालू असायची, मागे चिल्लर वाजायची.
"किती?" विचारायचे. मी आकडा सांगायची.
"बरं," म्हणायचे, आणि घंटी द्यायचे, दोनदा.
मला कधीच कळलं नाही
ती गाडीला होती का मला.

त्यांचं पोरगं, वैजनाथ, एका रविवारी
काउंटरला कोपरं टेकून उभं राहिलं.
मॅडम, आजच्या दिवस नका ना पाठवू.
घरी ताईची सुपारी फुटायलीय.
मी घड्याळाकडे बघितलं.
नऊ वाजून चार मिनिटं.
पाठवून झालं होतं.
ते म्हटलं, "बरं."
हुबेहूब बापासारखं.

त्या रात्री सोडली का? नाही.
त्यानंतरही चौदा रविवार काढले,
खोटं कशाला सांगू.
स्कूटीचा हप्ता होता.
दातांचे डॉक्टर म्हणाले, झोपेत दात खाताय तुम्ही,
एवढा राग कुणावर?
डाव्या डोळ्याची पापणी आपली आपण उडायची.
आई म्हणायची, बाईमाणसाला डावा डोळा शुभ असतो.
किती शुभ, आई.
दीड महिना झाला, शुभच चाललंय.

सोडली ती एका मंगळवारी,
आणि कारण सांगितलं तर हसाल.
स्टेपलरमधल्या पिना संपल्या.
नवी डबी आणायला सरांची सही लागते,
सर मीटिंगमध्ये.
मी दाराबाहेर उभी, हातात रिकामा स्टेपलर,
दाबतेय, सोडतेय, दाबतेय,
कशाला काही टोचत नाही.

चाव्या टेबलावर ठेवल्या.
डबा उचलला, न उघडलेला.
मुक्ता हळूच म्हणाली, "अगं, पण तीस दिवस?"
"तीस म्हणजे चार रविवार, मुक्ता.
कधी कधी पाच."

जिन्यात नजीरभाईंनी स्टूल सरकवून वाट दिली.
"तब्येत बरी नाही काय, ताई?"
"व्हायलीय बरी."

मंगळवारी सकाळी अकराला लातूर कसं दिसतं
हे मी विसरूनच गेले होते.
दुकानदार फळीवर पाणी मारून बसलेले,
एक बाई भर बाजारात निवांत जांभई देत होती,
कुणी तिला काही विचारत नव्हतं.
गोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात
हे लहानपणापासून ऐकलेलं.
मोजत फिरले. अकरावर चुकले.
पुन्हा पहिल्यापासून.

फोन वाजला. मुक्ताच.
"सर विचारायलेत, निकालाचा पासवर्ड काय होता?"
मी डोळे मिटले. लबाडी नव्हे, खरंच आठवेना.
बोटांना पाठ होता तो, मला नव्हता.
बोटं हवेत दोनदा हलवून बघितली,
तिथं अक्षरंच नव्हती.
"सांगते," म्हटलं, "आठवला तर."

समोरची पेरूवाली माझ्या बोटांकडे बघत होती.
"किती?" तिनं विचारलं,
आणि पोटात काहीतरी जुनं
आकडा शोधायला धावलं.

थांब, मावशी.
आधी एकच काप.
तिखटमीठ जरा जास्त लाव.